दोनदा शून्य

लॅबच्या दाराबाहेर काढलेले चपलांचे जोड आणि हजेरीतली नावं यांचा मेळ बसल्याशिवाय सर शिकवायला सुरुवात करत नसत. आवाजावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण एकाच्या नावाला दुसरा 'प्रेझेंट' म्हणतो. डोक्यांवरही नव्हता, कारण डोकी मॉनिटरमागं लपतात. चप्पल मात्र जिथं काढली तिथं राहते, असं त्यांचं म्हणणं. सर चपला मोजतात हे कळल्यावर पोरांनी गैरहजर मित्रांसाठी घरून जुने जोड आणून ठेवायला सुरुवात केली. आणि पोरं जुने जोड आणतात हे कळल्यावर सर खाली वाकून, उलटा हात लावून, चप्पल आतून उबदार आहे का ते बघायला लागले. गार लागलेला जोड ते दोन बोटांत धरून आत आणायचे आणि टेबलावर ठेवायचे. "ह्यो कुणाचा हाय? पाय कुठं हायेत ह्याचे?"

आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

कॉलेज सांगलीपासून लांब, उसाच्या पट्ट्यातलं. विषय असेंब्ली लँग्वेज आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं ते शिकायचं आणि त्याच्याशी त्याच्याच तुटक भाषेत बोलायचं. हा आकडा उचल, तिथं ठेव, यात तो मिळव, मोठा असेल तर इकडं जा. एका ओळीत एवढंच काम. घरच्या गड्याला सांगावं तितकं फोडून सांगायचं, आणि त्यातलं एक जरी सांगायचं राहिलं तरी सगळं मुसळ केरात. सर सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावचे. कुठल्या, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. पलूसमध्ये खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. अंगानं काटकुळे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, आणि लॅबच्या किल्ल्या दोरीनं पट्ट्याला बांधलेल्या. ते कायमचे नव्हते. दर वर्षी नवा करार व्हायचा, तसले.

नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. गावानं मारायचे. पहिल्याच तासाला त्यांनी त्याचं कारण सांगितलं होतं. "नाव कुणीबी खोटं सांगतंय. गावाचं खोटं सांगाय माणूस भितो. तिथलं कोणतरी वळखीचं निघतंय." त्यामुळं मी 'कुंडल' झाले. भिंतीकडेच्या पहिल्या बाकावर बसणारा फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांचा मुलगा 'शिराळा' झाला. पलूसचे तिघं होते, ते 'थोरलं पलूस', 'मधलं पलूस' आणि 'चष्म्याचं पलूस'. एकदा थोरलं पलूस आलं नव्हतं तर मधल्यानं त्याची हजेरी दिली. सरांनी त्याला उभं केलं आणि त्यांच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याचं आडनाव विचारलं. त्याला ते आलं नाही. दोघांचीही गैरहजेरी लागली.

मी जैन शेतकऱ्याच्या घरची. आमच्या घरी ऊस आहे आणि गावात किराण्याचं दुकान. संशय मला घरचाच. माझे वडील, अण्णा, गूळ घेताना ढेपेत खिळा घालून आतला रंग बघतात आणि ज्वारी दाताखाली फोडतात. तेव्हा संशयी माणूस मला नवा नव्हता. पण अण्णा मालावर संशय घेतात, माणसाला चहा देतात. सर माल आणि माणूस दोन्हीकडं एकाच नजरेनं बघायचे. माझी जर्नल तपासताना एकेक ओळ वाचायचे, मग माझ्याकडं बघायचे, मग परत ओळ वाचायचे. "हे तू लिहिलंयस?" हो सर. "कशावरनं?" आता याला काय उत्तर द्यायचं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "अक्षर माझं आहे, सर." तर म्हणाले, "अक्षर तुझं हाय, ते मला दिसतंय. डोकं कुणाचं हाय इच्यारतोय."

त्या दिवशी त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि माझा प्रोग्रॅम एकेक ओळीनं चालवायला लावला. मशीनवर नव्हे, फळ्यावर. ही ओळ झाली, आता आकड्यांच्या कुठल्या खणात काय आहे, लिही. पुढची झाली, आता काय आहे, लिही. अख्खा तास गेला. बाकीचा वर्ग मांडीवर मोबाईल घेऊन बसला होता. मी रडकुंडीला आले होते आणि मनात त्यांना जे जे म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तास संपता संपता एक गोष्ट झाली. तो प्रोग्रॅम मला दिसायला लागला. कुठला आकडा कुठून उठला आणि कुठं जाऊन बसला, ते डोळे मिटूनही दिसायला लागलं. राग गेला नाही, पण हा विषय मला आवडायला लागला तो तेव्हापासून.

आता त्या दोनदा शून्याबद्दल. प्रोसेसरच्या आत आकडा तात्पुरता ठेवायला लहान खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. वापरायच्या आधी त्यात शून्य भरून घ्यायचं असतं, कारण आधीच्या प्रोग्रॅमचं काहीबाही त्यात राहिलेलं असतं. सर त्याला उष्टं म्हणायचे. "हॉटेलात गेल्यावर ताट पुढ्यात येतंय. पुसून आणलंय, असं पोरगं म्हणतंय. तुमी बगितलं का पुसताना? न्हाई. मग आपण एकदा पुसायचं." इथवर सगळं जग त्यांच्या बाजूचं आहे. पण सर तिथं थांबायचे नाहीत. शून्य भरायची ओळ ते लागोपाठ दोनदा लिहायला लावायचे. एकदा एका पद्धतीनं, एकदा दुसऱ्या. मी विचारलं, सर, मशीनला पहिल्यांदा शून्य भरता आलं नाही, तर दुसऱ्यांदा तरी कुठून येणार? माझ्या मते प्रश्न बिनतोड होता. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पण मला झोप लागत न्हाई." त्यानंतर मी दोनदाच लिहायला लागले. पटलं म्हणून नव्हे. एक ओळ जास्त लिहिल्यानं एखाद्याला झोप लागत असेल तर लागू दे, म्हणून.

खरं तर असं काही लिहायची कुणाला गरजच नव्हती. विभागप्रमुख मॅडमनी स्वतः तयार केलेलं एक छापील मॅन्युअल होतं. त्यात सगळे प्रोग्रॅम लिहून दिलेले. वर्षानुवर्षं पोरं ते जर्नलमध्ये उतरवायची, मॅडम सही करायच्या, सगळे सुखी. तपासणीला बाहेरचे लोक येतात, सगळ्या तुकड्यांना एकसारखं शिकवलेलं दिसलं पाहिजे, तेव्हा मॅन्युअलबाहेर शिकवायचं नाही, असं मॅडमनी वर्षाच्या सुरुवातीच्या बैठकीत सगळ्या शिक्षकांना बजावलं होतं. ही बातमी शिपायाकडून आमच्यापर्यंत आली होती. सर लॅबमध्ये मॅन्युअल टेबलावर उघडून ठेवायचे आणि त्याकडं पाठ करून शिकवायचे. "छापलेलं हाय म्हणून खरं हाय व्हय? लगीनपत्रिका बी छापत्यात. आत नवरा कसा हाय कुठं लिवलेलं असतंय?" वर्गातल्या बहुतेकांनी यावर हसून मॅन्युअलच उतरवलं. मार्क त्यातच होते. मनापासून ऐकणारे आम्ही दोघंच असू, एक मी आणि एक शिराळा. ते मला पुढं कळलं. तोवर आमचं आयुष्यात एकदाच बोलणं झालं होतं, तेही 'तुमच्या बाजूचं बटण चालू आहे का' एवढंच.

सरांबद्दल आमचाही संशय कमी नव्हता. माणूस सारखा दुसऱ्यावर नजर ठेवतो म्हणजे कुणाला तरी जाऊन सांगत असणार. दुपारी ते पाण्याच्या टाकीमागं जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायचे. कुणी म्हणायचं, चेअरमनचा माणूस आहे. कुणी म्हणायचं, आधीच्या कॉलेजातून पेपर फोडला म्हणून काढलंय. चष्म्याचं पलूस तर छातीठोकपणे सांगायचं की यांनी सातारला एका कारखान्यात मशीन बंद पाडली होती. मी एकदा टाकीजवळ मुद्दाम हात धुवायला गेले. सर फोनवर सांगत होते, "गॅसचा खटका फिरवलास का? फिरवलास, पर बगितलास का परत?" पलीकडून बायकोनं काहीतरी कडक उत्तर दिलं असावं, कारण त्यांनी फोन कानापासून लांब धरला. हे ऐकूनही माझा संशय पुरता गेला नाही. बायकोशी बोलणारा माणूस चेअरमनशीही बोलू शकतो. शेवटी मी त्यांनाच विचारलं, "सर, तुम्ही असे का वागता?" त्यांनी मान वाकडी करून मला न्याहाळलं. "तुला कुणी पाठीवलं इच्यारायला?"

त्याच वर्षी कॉलेजनं चोरी पकडायचं सॉफ्टवेअर आणलं. सगळ्यांचे प्रोग्रॅम त्यात घालायचे, कुणाचं कुणाशी जुळतंय ते ते सांगतं. आम्हाला शेवटचं काम दिलं होतं, दिलेल्या आकड्यांमधला सगळ्यात मोठा शोधून काढायचा. आठवड्यानं सूचनाफलकावर कागद लागला. चोरीच्या संशयावरून दोघांना समितीपुढं बोलावलंय. एक मी, दुसरा शिराळा. सोबत पालकांना आणायचं. चोरी ठरली तर वर्ष गेलं.

वर्षाचं मला तितकं भय नव्हतं. भय वेगळं होतं. एका मुलीचा आणि एका मुलाचा प्रोग्रॅम जुळतो, म्हटल्यावर कॉलेजला कॉम्प्युटरमध्ये रस उरला नाही. दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये आमचं जमलेलं होतं. संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत ते कुंडलला पोचलं. काका दुकानाच्या फळीवर बसले होते. श्रावणात मी मैत्रिणींबरोबर शिराळ्याची नागपंचमी बघायला जाऊ का, असं विचारलं होतं, ते त्यांना बरोबर आठवलं. "नाग बघायला जायचं हुतं व्हय गं तुला?" एवढंच म्हणाले. मग अण्णांकडं वळून म्हणाले, "नाव काढून आण हिचं. लई झालं शिक्षण." आई आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. अण्णांनी दुकानाचा तराजू आत उचलून ठेवला. नंतर म्हणाले, "समितीचं काय ते हू दे. चोर ठरली तर मीच घिऊन येतो." मला त्या रात्री अण्णांचाही राग आला. माझ्या बापानं मला खिळा घालून बघावं, असं मला वाटत नव्हतं.

शिराळा मला दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला. आयुष्यातलं दुसरं बोलणं. लॅबमधल्या मशीनवर कुणीही कुणाची फाईल उघडू शकत होतं, तेव्हा दोघांच्या मनात एकच होतं.

"तुमी माझी फाईल उघडली हुती का?" त्यानं विचारलं.

"मी तुलाच विचारणार होते."

"आईची शपथ, न्हाई."

"मी पण नाही."

आम्ही एकमेकांकडं बघितलं, आणि एकमेकांवर रत्तीभर विश्वास बसला नाही. तरी मी विचारलं, त्यांना नक्की काय सापडलंय? तो म्हणाला, परीक्षा विभागातल्या सरांनी त्याला दाखवलं होतं. बाकीचं सोडा, पण शून्य भरायची ओळ दोघांनी लागोपाठ दोनदा लिहिली आहे. काही गरज नसताना. अशी बिनकामाची ओळ दोन माणसांना स्वतंत्रपणे सुचणं शक्यच नाही, हा मुख्य पुरावा.

मला एकदम हायसं वाटलं. "अरे, ते तर सर लिहायला लावतात."

"व्हय. पर सांगणार कोण?"

मी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं, समितीत येऊन एवढं सांगशील का, की सर दोनदा लिहायला लावतात म्हणून? तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग ते विचारतील, तू का नाही लिहिलंस. माझं सगळं मॅन्युअलमधलं आहे गं." तिचंही चुकलं नव्हतं. मी आणखी दोघींना विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

राहिले सर. मी त्यांना लॅबच्या दारात गाठलं आणि सगळं सांगितलं. ते कुलूप ओढून बघत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू खरं बोलतीयास कशावरनं?"

"सर, तुम्हीच शिकवलंय."

"मी शिकीवलं म्हंजे तू चोरलं न्हाईस, असं हुतंय का? शिकीवलेलं बी लोक चोरून लिवत्यात." त्यांनी कुलूप परत ओढलं. "उद्या बगू."

मी घरी जाऊन वह्या कपाटात ठेवल्या. उद्या लागणार नाहीत असं धरून चालले होते.

समिती मॅडमच्या खोलीत बसली. मॅडम, परीक्षा विभागाचे सर, आणि विषयाचे शिक्षक म्हणून आमचे सर. अण्णा आणि सुभेदार बाहेर व्हरांड्यात, दोन टोकांना बसलेले. एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ते का बोलत नाहीत हे सगळ्या शिपायांना ठाऊक होतं.

मी जे सांगायचं ते सांगितलं. ही ओळ दोनदा लिहायची, असं सरांनी शिकवलंय. मॅडमनी मॅन्युअल उघडून माझ्यापुढं सरकवलं. "यात एकदाच आहे. आपल्याकडं सगळे शिक्षक मॅन्युअलमधूनच शिकवतात." मग सरांकडं वळल्या. आवाज मऊ होता, पण त्यातलं मला कळलं, शिराळ्यालाही कळलं असणार. "हो ना, सर?"

हो म्हटलं असतं की सर सुटत होते. पुढच्या वर्षीचा करार त्याच टेबलावरून जाणार होता. नाही म्हटलं तर बजावलेलं सबंध वर्षभर मोडलं, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करणं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. आमच्यासाठी ते काही करतील असं मला वाटत नव्हतं. जो माणूस माझ्या अक्षरावर विश्वास ठेवत नाही तो माझ्यासाठी नोकरी कशाला घालवेल?

सरांनी हो किंवा नाही यातलं काहीच म्हटलं नाही. दोन कोरे कागद मागितले. "आवं मॅडम, आधी तपासू तरी. ए कुंडल, हितं बस. शिराळा, तू तिकडं त्वांड करून बस. तोच प्रोग्रॅम परत लिवा. मान वळवायची न्हाई." आणि स्वतः आम्हा दोघांच्या मधे उभे राहिले. परीक्षा विभागाच्या सरांचासुद्धा मोबाईल त्यांनी टेबलावर पालथा ठेवायला लावला. त्या दिवशी फळ्यावर जे दिसायला लागलं होतं ते अजून दिसत होतं, आणि ओळी आपोआप उतरत गेल्या.

सरांनी कागद घेतले. वाचले. उलटून मागची बाजू बघितली. परत वाचले. मग मॅडमपुढं ठेवले. दोन्हीकडं शून्य दोनदा होतं.

"आता वर्गातला दुसरा कुठलाबी एक प्रोग्रॅम काढा."

परीक्षा विभागाच्या सरांनी एक काढला. मग आणखी एक. मग त्यांनी स्वतःहूनच आणखी एक काढला आणि चष्मा पुसला. सगळे मॅन्युअलमधल्यासारखे होते. स्वल्पविरामाची चूकसुद्धा तीच.

"हे समदे एकासारखे एक हायेत," सर म्हणाले. "मग मशीननं ह्यांना का धरलं न्हाई?"

"मॅन्युअल आपणच दिलेलं आहे ना," परीक्षा विभागाचे सर हळूच म्हणाले. "म्हणून तेवढा भाग तपासायचा नाही, असं त्यात भरलं होतं."

"म्हंजे ज्यांनी पुस्तकातनं उतरवलं ते सुटलं, आन् ज्यांनी डोक्यातनं लिवलं ते घावलं. तुमीच मशीनला सांगितलं, तिकडं बगू नगं. ती बिचारी बगिना झाली." सरांनी मॅन्युअल मिटून बाजूला केलं. "मॅडम, ही ओळ मी शिकीवली. वरीसभर मी हे पुस्तक उघडं ठिवून दुसरंच शिकीवलंय. ह्या दोघांनी चोरी केली आसंल तर माझ्याकडनं केलीया."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्या घटकेला त्या फार दमलेल्या दिसल्या.

सर बाहेर आले तसे अण्णा उठून उभे राहिले. "सर, पोरीनं चोरी केली न्हाई, न्हवं?"

मी मागंच होते. कानात प्राण आणून उभी होते. आतापर्यंत जे झालं त्यानंतर दोन चांगले शब्द ते बोलतील असं मला वाटलं. हुशार आहे, प्रामाणिक आहे, असं काहीतरी. शिक्षक लोक पालकांशी बोलतात तसं.

"खातरी मी कुणाचीच देत न्हाई," सर म्हणाले. "बगायचं तेवढं बगितलं. चोरी घावली न्हाई." आणि किल्ल्या सावरत लॅबकडं निघून गेले.

मी चिडले. एवढं सगळं करून माणूस शेवटी असं बोलतो? मोटारसायकलवर मागं बसून मी ते अण्णांना बोलूनही दाखवलं. अण्णांनी गाडी हळू केली. "त्यो ग्वाड बोलला असता तर मी तुला आज घरी बसवलं असतं. मला वाटलं असतं, मास्तर पोरीची बाजू घ्यायलाय. त्यो तुझी बाजू घेत न्हवता. मग खरंच असणार." घरी आल्यावर त्यांनी काकांना हेच शब्दाला शब्द सांगितलं. काकांना ते पटलं नाही, पण नाव काढायचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आमच्या दोघांची प्रकरणं मिटली. वर्गात कुणावरच काही कारवाई झाली नाही, कारण करायची झाली तर सगळ्यांवर करावी लागली असती. मॅन्युअलची नवी आवृत्ती आली. सरांचा करार मात्र पुढं झाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आम्ही वर्गातले सगळे आपापल्या मार्कांत होतो. त्यांच्या जागी जे आले ते फार गोड होते, नावानं हाक मारायचे, आणि जर्नल न उघडता सही करायचे.

आता मी पुण्यात एका कंपनीत कोड लिहिते. मी लिहिलेलं दोघं जण तपासतात, म्हणजे तशी पद्धत आहे. मी पाठवते आणि चहा प्यायच्या आत 'छान आहे' असं उत्तर येतं. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणे. मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे. पण मला दर वेळी जरा एकटं वाटतं. माझी एकेक ओळ वाचून, वर बघून, परत वाचणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला.

करार संपला तेव्हा सर पलूसची खोली सोडून चालले आहेत हे मला शिराळ्यानं फोन करून सांगितलं. अण्णांनी घरच्या गुळाची ढेप बांधून दिली आणि मी पलूसच्या स्टँडवर गेले. सर बाकावर बसले होते. बॅग दोन्ही पायांत धरलेली. मी ढेप दिली. त्यांनी कागद सोडून वास घेतला.

"रंग लय उजळ हाय. काय घातलंय ह्यात?"

"काही नाही, सर. घरचा आहे."

"घरचाच म्हणून सांगत्यात समदे." पण त्यांनी ती बॅगेत नीट ठेवली.

गाडी लागेपर्यंत आम्ही फार बोललो नाही. ते खिडकीशी बसल्यावर मात्र मला राहवलं नाही. मी खाली उभी राहून विचारलं, "सर, तुम्ही त्या दिवशी मॅडमना हो म्हणाला असता तर नोकरी राहिली असती. तुमचा तर आमच्यावर विश्वासही नव्हता. मग कशाला?"

मला वाटलं, आता मला कुणी पाठवलं ते विचारतील. पण त्यांनी तसं काही विचारलं नाही. खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"समद्यांवर संशय घेत आलोय मी, पोरी. बायकोवर, पोरांवर, ह्या कंडक्टरवर. एक मीच काय तो सुटलो हुतो. म्हटलं, तेवढं एक माणूस तरी बिनसंशयाचं राहू दे."

गाडी हलली. मी तिथंच उभी राहून रडले, चांगली हुंदके देऊन. आजूबाजूचे लोक बघत होते. कुंडलची पोरगी पलूसच्या स्टँडवर कुणासाठी तरी रडत होती, हे संध्याकाळच्या आत काकांच्या कानावर जाणार हे मला माहीत होतं. जाऊ दे, म्हटलं.